‘अँटिगनी’ कमानीत मावेल का? : रंगमंचाचे प्रकार, परिभाषा आणि ग्रीक नाटक

उंबरठ्यावरचा

आमचा हौशी संच येत्या हिवाळ्यात सोफोक्लीजचे ‘अँटिगनी’ करणार आहे. मराठी संहिता आमच्यातल्याच एका सदस्याने तयार केली असून तिची चार वाचने झाली आहेत, परंतु दर वेळी घोडे एकाच ठिकाणी अडते. आम्हाला मिळालेले सभागृह नेहमीचे आहे: समोर कमान, दर्शनी पडदा, दोन्ही बाजूंना तीन-तीन विंगा आणि मागे सायक्लोरामा, म्हणजे ताणून लावलेला साधा पडदा. त्यात थीब्जच्या पंधरा वृद्धांचा कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा समूह, उभा कुठे करायचा, हे कोणालाच सुचत नाही. तो मागे उभा केला तर गणपतीच्या आराशीतल्या देखाव्यासारखा दिसतो, बाजूला घेतला तर विंगेचाच एक भाग होऊन बसतो आणि पुढे आणला तर राजा क्रेऑन दिसेनासा होतो. कोरस तीन जणांवर आणावा, असे दिग्दर्शकांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण प्रतिवाद करण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. ग्रीक रंगमंचाला आजच्या कोणत्या प्रकारात बसवावे, थ्रस्टमध्ये की अरीनामध्ये, आणि ऑर्केस्ट्रा, सीन, प्रॉसीनियम या शब्दांचे मूळ अर्थ काय होते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

नेपथ्याचा माणूस

प्रश्न शब्दांपासून सोडवायला घेऊ, कारण बहुतेक घोटाळा तिथेच आहे. आपण रोज वापरतो ते शब्द ग्रीक आहेत, पण ज्या वस्तूंना ते चिकटले आहेत त्या वस्तू मात्र वेगळ्या आहेत.

‘थिएटर’ हा शब्द ‘थेआट्रॉन’वरून आला. त्याचा अर्थ पाहण्याची जागा, म्हणजे टेकडीच्या उतारावरील प्रेक्षकांच्या बैठका. त्यात नट उभा राहतो ती जागा धरलेली नव्हती. ‘ऑर्खेस्ट्रा’ म्हणजे नाचण्याची जागा, उताराच्या पायथ्याशी असलेले सपाट अंगण. कोरस गात, नाचत आणि बोलत असे तो तिथेच. रोमन लोकांनी त्याचे अर्धवर्तुळ करून तिथे प्रतिष्ठितांची आसने मांडली, पुढे इटलीतील संगीतिकांच्या काळात रंगमंचासमोरच्या त्याच पट्ट्यात वादक बसू लागले, आणि जागेचे नाव वाद्यवृंदाला मिळाले. ‘स्कीनी’ म्हणजे तंबू किंवा खोपटे. नटांनी कपडे आणि मुखवटे बदलावेत म्हणून ऑर्खेस्ट्राच्या मागे बांधलेली ही तात्पुरती लाकडी इमारत होती, आणि तिच्याच दर्शनी भिंतीला राजवाडा म्हणायची प्रथा पडली. आपण ‘सीन लावला’ म्हणतो तेव्हा मुळात त्या खोपट्याचेच नाव घेत असतो. ‘प्रोस्कीनियॉन’ म्हणजे स्कीनीच्या पुढचा भाग. हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या, काळात तिथे खांबांची रांग आली, तिच्या छपरावर नट चढले, आणि उंच रंगमंच हळूहळू रूढ झाला.

आज ‘प्रॉसीनियम’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती चित्राच्या चौकटीसारखी कमान मात्र ग्रीकांची नव्हे. ती इटालियन प्रबोधनकाळाची देणगी आहे. पार्मा येथील तेआत्रो फार्नेझे १६१८ मध्ये बांधले गेले, आणि कायमस्वरूपी कमान असलेल्या सुरुवातीच्या नाट्यगृहांत त्याची गणना होते. विचेन्झामधील पालाडिओचे तेआत्रो ऑलिम्पिको त्याहून जुने, १५८५ चे. त्याचे उद्घाटन सोफोक्लीजच्याच ‘ईडिपस’ने झाले होते, प्राचीन नाट्यगृह पुन्हा उभारण्याच्या ईर्षेने ते बांधले गेले, परंतु त्याच्या रंगमंचावर उभारलेल्या रस्त्यांचे यथादर्शन, म्हणजे खोलीचा आभास, पाहिले की चौकटीतून पाहण्याची नवी हौस जाणवल्यावाचून राहत नाही. यथादर्शनाची ही हौसच रंगमंचाला मागच्या बाजूने उतार देऊन गेली. आपण ‘अप’ आणि ‘डाऊन’ म्हणतो त्याचे मूळ या उतारात आहे: प्रेक्षकांपासून दूरची बाजू खरोखरच उंच असे. डावे-उजवे नटाच्या अंगाने धरायचे, प्रेक्षकांच्या नव्हे, हे तालमीच्या पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून टाका. अर्धी भांडणे तिथेच मिटतील.

आता प्रकारांकडे येतो. कमानी रंगमंचावर प्रेक्षक एकाच दिशेला असतात. थ्रस्टमध्ये रंगमंच प्रेक्षकांत घुसतो आणि तीन बाजूंनी पाहिला जातो. १५९९ चे लंडनचे ग्लोब हे त्याचे ठळक उदाहरण. अरीनामध्ये चारही बाजूंना प्रेक्षक असतात. ग्रीक नाट्यगृहात बैठकांनी ऑर्खेस्ट्राला अर्ध्याहून थोडा अधिक वेढा घातलेला असतो आणि मागे स्कीनीची भिंत असते. नकाशावर पाहता ते थ्रस्टच्या सर्वांत जवळचे आहे. पण तुमचे उत्तर नकाशात नाही, ते उंचीत आहे.

ग्रीक प्रेक्षक वर बसत आणि खाली पाहत. कोरस त्यांच्या आणि नटाच्या मध्येच उभा असे, तरी नट झाकला जात नसे, कारण नजर कोरसच्या डोक्यांवरून पलीकडे जात असे. आपल्या सभागृहात नेमके उलटे घडते. रंगमंच तीन-साडेतीन फूट उंच, आणि पुढच्या रांगांतला प्रेक्षक मान वर करून पाहणारा. अशा ठिकाणी पुढे उभा राहिलेला प्रत्येक माणूस मागच्याला झाकणारच. तुमचा कोरस पंधरा जणांचा आहे म्हणून अडचण आलेली नाही. तो नटाच्याच पातळीवर उभा आहे म्हणून आली आहे. तीन जण केलेत तरी ते तिघे क्रेऑनला झाकतील, आणि जमावाचा दाब मात्र हातचा जाईल.

अनुस्वार

वरील विवेचन उत्तम आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. ग्रीक नाट्यगृह म्हटले की आपल्या मनात एपिडॉरसचे छायाचित्र येते: पूर्ण गोल ऑर्खेस्ट्रा आणि पंख्यासारख्या उलगडणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पंचावन्न रांगा. ते नाट्यगृह इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज या तीन थोर शोकांतिकाकारांपैकी कोणीही ते पाहिलेले नाही. त्यांची नाटके अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरील डायोनायससच्या नाट्यगृहात झाली, आणि पाचव्या शतकात तिथे बहुतांशी लाकडी बाके होती. दगडी बैठकांचे भव्य काम चौथ्या शतकात अथेन्सच्या लायकर्गस या मुत्सद्द्याच्या कारभारात पूर्णत्वास गेले. ॲटिकाच्या आग्नेय टोकाशी थोरिकोस येथे जे जुने नाट्यगृह सापडले आहे, त्याचे ऑर्खेस्ट्रा तर गोल नसून लांबट, काहीसे वेडेवाकडे आहे. त्यामुळे सोफोक्लीजचा कोरस वर्तुळातच नाचत होता, हे गृहीत धरता येत नाही, आणि अथेन्सच्या ऑर्खेस्ट्राच्या आकारावर अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे.

नाट्यगृहाची जागा समजून घेताना उत्सवही ध्यानात घ्यावा. ही नाटके शहरी डायोनायसिया या वसंतातील उत्सवात स्पर्धा म्हणून होत. तीन शोकांतिकाकार निवडले जात, आणि प्रत्येकाने तीन शोकांतिका व शेवटी एक सॅटर नाटक, म्हणजे थट्टामस्करीचे नाटक, सादर करायचे असे. कोरसच्या तालमींचा आणि पोशाखांचा खर्च एका श्रीमंत नागरिकावर सोपवला जाई. त्याला खोरेगॉस म्हणत. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’चा खोरेगॉस तरुण पेरिक्लीज होता. आज उपलब्ध असलेल्या संपूर्ण ग्रीक नाटकांत हे सर्वांत जुने. थोडक्यात, त्या काळी नाटककाराला आधी मिळे तो कोरस. नट नंतर आले, आणि तेही एकेक करून: दुसरा नट एस्किलसने आणला, तिसरा सोफोक्लीजने, असे ॲरिस्टॉटल सांगतो. कोरस बारावरून पंधरावर नेण्याचे श्रेयही परंपरा सोफोक्लीजलाच देते. ज्या नाटककाराने कोरसची माणसे वाढवली त्याच्याच नाटकात आपण ती तिघांवर आणणार, ही गंमत दिग्दर्शकांच्या कानावर अवश्य घालावी.

विंगेतून

मी वीस वर्षे रंगमंच व्यवस्था सांभाळतो आहे, त्यामुळे मला कौतुक यंत्रांचे. ग्रीकांजवळ पडदा नव्हता आणि दिवेही नव्हते. सगळा प्रयोग भर उजेडात होत असे. ब्लॅकआउट नाही म्हणजे मेलेल्या पात्राला उठून जाता येत नाही, आणि मधल्या वेळात खुर्च्या हलवता येत नाहीत. या दोन अडचणी मनात ठेवून त्यांची नाटके वाचली की कितीतरी गोष्टी उलगडतात. अँटिगनीने भावाच्या प्रेतावर माती टाकली, गुहेत गळफास घेतला, तिचा वाग्दत्त वर, क्रेऑनचा मुलगा हेमॉन, याने तिथेच स्वतःला संपवले. यातले काहीही आपल्यासमोर घडत नाही. पहारेकरी येतो आणि सांगतो, दूत येतो आणि सांगतो. रंगमंचावर मृत्यू दाखवायचाच नाही असा नियम होता, असे मात्र म्हणू नये. सोफोक्लीजच्याच ‘एजॅक्स’मधील आत्महत्या प्रेक्षकांसमोर घडत असावी, असे मानणारे अभ्यासक आहेत.

आत घडलेले बाहेर दाखवायचे तर त्यासाठी एक्किक्लेमा असे. हा चाकांचा ठोकळा स्कीनीच्या मधल्या दारातून बाहेर ढकलला जाई आणि त्यावर प्रेत मांडलेले असे. ‘अँटिगनी’च्या अखेरीस क्रेऑनच्या राणीचा, युरिडिसीचा, मृतदेह असाच बाहेर आला असावा, कारण त्या जागी ‘आता पाहा, हे आत दडलेले राहिलेले नाही’ अशा आशयाची ओळच संहितेत आहे. आमच्या भाषेत ही ट्रॉली. चाकांना तेल घालायला विसरू नका, एवढेच सांगतो. एका प्रयोगात आमच्या ट्रॉलीने ऐन शोकाच्या क्षणी अशी किंकाळी फोडली होती की प्रेताच्या भूमिकेतल्या बाईंनाच हसू आवरेना.

दुसरे यंत्र मेखानी, म्हणजे यारी. तिने नटाला उचलून हवेतून आणत, आणि पुढे देवांना याच मार्गाने आणून गुंते सोडवायची सवय लागल्यामुळे ‘यंत्रातून आलेला देव’ हा वाक्प्रचार रूढ झाला. युरिपिडीजची मीडिया शेवटी सूर्याच्या रथातून निघून जाते, ते ॲरिस्टॉटलला मुळीच रुचले नव्हते. गुंत्याची उकल कथानकातूनच व्हावी, असा त्याचा आग्रह. परंतु मला सर्वांत जवळचा वाटतो तो विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या ‘पीस’मधला प्रसंग, इ.स.पू. ४२१ चा. त्यातला शेतकरी शेणकिड्यावर बसून स्वर्गाला निघतो आणि वर गेल्यावर घाबरून यारी चालवणाऱ्यालाच ओरडून बजावतो की, बाबा, माझ्याकडे लक्ष ठेव. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या दोर ओढणाऱ्याचे नाव कोणी नोंदवलेले नाही, पण नाटककाराने त्याला भर प्रयोगात हाक मारली, हे आम्हा पडद्यामागच्या लोकांसाठी थोडेथोडके नाही.

झालर

ग्रीकांजवळ पडदा नव्हता, असे वर म्हटले आहे. मग संस्कृत नाटकातला ‘यवनिका’ हा शब्द यवनांवरून, म्हणजे ग्रीकांवरून, आला असे आम्हाला शाळेत शिकवले होते, त्याचे काय करायचे?

नेपथ्याचा माणूस

एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय पंडितांनी या एका शब्दाच्या आधारावर संस्कृत नाटक ग्रीकांकडून आले असे सुचवले होते. पण इ.स.पू. पाचव्या शतकातील अथेन्सच्या रंगमंचाला दर्शनी पडदा नसल्यामुळे उसने घेण्यासारखी वस्तूच तिथे नव्हती. शब्दाचे ‘जवनिका’ असेही रूप आहे, आणि ते वेगाचा अर्थ असलेल्या धातूपासून साधणारेही आहेत. कापड यवनांच्या देशाकडून येत असेल म्हणून त्याला ते नाव पडले असावे, असाही तर्क केला जातो. तो मान्य केला तरी नाटक तिकडून आले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

ग्रीक नाट्यगृह भारताच्या वेशीपर्यंत आले होते, हे मात्र खरे. आजच्या अफगाणिस्तानात आय-खानुम येथील उत्खननात काही हजार प्रेक्षक बसतील एवढे ग्रीक पद्धतीचे नाट्यगृह सापडले आहे. तरीही नाट्यशास्त्रातला नाट्यमंडप त्याच्याशी जुळत नाही. भरताने विकृष्ट (लांबट), चतुरस्र (चौरस) आणि त्र्यस्र (त्रिकोणी) असे तीन आकार सांगितले, आणि मनुष्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा मंडप योग्य ठरवला. मंडप याहून मोठा केला तर आवाज विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असे कारणही त्याने दिले आहे. ज्याला डोळ्यांची आणि भुवयांची हालचाल दाखवायची आहे तो बंदिस्त, लहान मंडप मागतो. ज्याने चेहऱ्यावर मुखवटा चढवला आहे त्याला टेकडी चालते. अभिनयाची पद्धत आणि जागेचे माप एकमेकांना असे बांधलेले असते.

कपडेपट

मला येथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. सगळे काही जागेमुळे घडले, असा या धाग्याचा सूर होत चालला आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या सहा अंगांत दृश्याला सर्वांत कमी महत्त्व दिले, आणि शोकांतिकेचा परिणाम प्रयोगावाचून व नटांवाचूनही होऊ शकतो, असे स्पष्ट म्हटले आहे. आपण सर्वांनी ‘अँटिगनी’ आधी वाचले आणि ते वाचूनच हललो. जागा हरवली तरी नाटक उरते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

नेपथ्याचा माणूस

आक्षेप रास्त आहे, आणि सगळे जागेमुळे घडले असे मी म्हणणार नाही. पण ॲरिस्टॉटल लिहीत होता तो सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, जेव्हा जुनी नाटके वाचलीही जात होती आणि नटांचे प्रस्थ वाढले होते. सोफोक्लीजने लिहिले ते मात्र ठरावीक उतारासाठी, ठरावीक नटांसाठी आणि एका दारासाठी. वाचताना आपण हललो ते शब्दांमुळे, हे खरेच. पण दूताचे ते लांबलचक भाषण तिथे का आले, याचे उत्तर शब्दांत सापडत नाही.

अनुस्वार

नटांच्या संख्येचा पुरावा ‘अँटिगनी’तच आहे, आणि तो संहिता हातात घेऊन मोजता येतो. बोलणारी पात्रे आठ आहेत आणि नट तीन. क्रेऑन, अँटिगनी आणि तिची बहीण इस्मेनी हे तिघे एकत्र बोलतात असा एकच प्रवेश आहे, आणि त्या आधी पहारेकरी अँटिगनीला पकडून घेऊन आलेला असतो. म्हणजे इस्मेनी येण्यापूर्वी पहारेकऱ्याला घालवणे भागच होते. तो साधारण ४४५ व्या ओळीच्या सुमारास जातो, आणि इस्मेनी सुमारे ऐंशी ओळींनंतर येते. इस्मेनी आणि पहारेकरी एकाच नटाने केले असावेत, हे यावरून सहज दिसते. तेवढ्या अवकाशात मुखवटा आणि झगा बदलून, चालण्याची ढब बदलून तो पुन्हा दारातून बाहेर येणार. मधल्या काळात क्रेऑन आणि अँटिगनी यांचा जो प्रसिद्ध वाद होतो, त्यात देवांचे अलिखित नियम येतात आणि आपण भारावून जातो. त्याच वेळी मागे खोपट्यात कोणीतरी घाईघाईने नाड्या सोडत असतो.

उच्चारांबाबत नटांची कसोटी किती कठोर होती, याचीही एक नोंद आहे. युरिपिडीजच्या ‘ओरेस्टीज’मध्ये, इ.स.पू. ४०८ मध्ये, हेगेलोखस नावाच्या नटाला ‘वादळानंतर शांत समुद्र दिसतो आहे’ अशा अर्थाची ओळ म्हणायची होती. स्वराची चढण चुकली आणि ‘समुद्र’ जाऊन मुंगसासारखा कुठला तरी प्राणी, नेमके सांगायचे तर वीझल, दिसू लागला. ॲरिस्टोफेनीसने तीन वर्षांनी ‘फ्रॉग्ज’मध्ये त्याची टर उडवली, म्हणजे तोवर अथेन्स ती चूक विसरलेले नव्हते.

पायरीवरची

एपिडॉरसला मी जाऊन आले आहे, म्हणून ध्वनीविषयी लिहिते. तिथे प्रत्येक वाटाड्या ऑर्खेस्ट्राच्या मध्यभागी उभा राहून कागद फाडतो किंवा नाणे टाकतो, आणि सर्वांत वरच्या रांगेत ते ऐकू येते, असे सांगतो. मी वर बसले होते. टाळी स्वच्छ ऐकू आली, कागद मात्र ऐकू आला की फाटताना दिसला म्हणून ऐकू आल्यासारखे वाटले, हे मला आजही सांगता येणार नाही. २०१७ मध्ये आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे हजारो मोजमापे घेतली, आणि कुजबूज किंवा नाण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ओळखू येतो हा दावा टिकत नाही, असा निष्कर्ष काढला. खणखणीत, फेकून बोललेला आवाज मात्र वरपर्यंत पोहोचतो. माझ्या मते यात निराश होण्यासारखे काही नाही. नटाने कुजबुजून चालणार नव्हते, म्हणून तर वाक्ये अशी पल्लेदार झाली.

उंबरठ्यावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंचीचा मुद्दा दिग्दर्शकांना दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “उद्या मैदानावर चला.” जवळच्या शाळेच्या मैदानाला एका बाजूने सिमेंटच्या पायऱ्या आहेत. आम्ही खुंटी ठोकली, दहा मीटरची दोरी बांधली आणि एपिडॉरसच्या मापाचे, म्हणजे सुमारे वीस मीटर व्यासाचे, वर्तुळ फक्कीने आखले. ते काढून झाल्यावर पहिली प्रतिक्रिया घाबरण्याचीच होती. आमचे अख्खे रंगमंचीय क्षेत्र त्याच्या एका कोपऱ्यात मावले असते, वर्तुळाला कोपरा असता तर.

क्रेऑनला मागच्या भिंतीशी एका बाकावर उभे केले, पंधरा जण फक्कीच्या आत सोडले आणि आम्ही पायऱ्यांवर चढलो. तिसऱ्या पायरीवरून क्रेऑन गुडघ्यापर्यंत झाकलेला होता. आठव्या पायरीवरून तो पूर्ण दिसत होता, आणि कोरस त्याच्यासमोर सांडलेल्या धान्यासारखा पसरलेला. त्यात कोणीतरी एक पाऊल मागे घेतले की ते लगेच कळत होते, आणि क्रेऑन एकटा पडत चालला आहे, हे एकही शब्द न बोलता दिसत होते. तीन जणांत हे झाले नसते.

सभागृह सोडता येणार नाही, कारण अनामत भरलेली आहे. आता असे ठरते आहे की पुढच्या तीन रांगांच्या खुर्च्या काढायच्या, कोरस त्या मोकळ्या जागेत खाली ठेवायचा, रंगमंचाला मधोमध चार पायऱ्या जोडायच्या आणि दर्शनी पडदा सुरुवातीपासून उघडाच ठेवायचा. तळमजल्याच्या मागच्या निम्म्या खुर्च्या आणि बाल्कनी यांना उत्तम दिसेल. उरलेल्या पुढच्या रांगांचे काय करायचे, यावर भांडण चालू आहे. तिथे ओळखीच्यांनाच बसवावे, असा एक प्रस्ताव आला आहे.

एक प्रश्न राहिला. कोरस पहिल्यांदा येतो तो सूर्यकिरणाला हाक मारत. मैदानावर आम्ही ते पद सकाळी पावणेसात वाजता म्हणून पाहिले, आणि चौथ्या ओळीला ऊन खरोखर भिंतीवर आले. बंद सभागृहात हे कसे करावे? पिवळा स्पॉट नको, एवढे सर्वांचे एकमत आहे.

विंगेतून

स्पॉट नकोच. प्रेक्षागृहातले दिवे नाटक सुरू झाल्यावरही मंद तेवत ठेवा, आणि त्या पदाला ते हळूहळू पूर्ण करा. मग शेवटपर्यंत विझवू नका. प्रेक्षकांना एकमेकांचे चेहरे दिसतील. अथेन्समध्येही दिसत होते. दिव्यांच्या फळीवर बसणाऱ्याला मात्र आधी नीट समजावून सांगा, नाहीतर तो सवयीने अंधार करील.